आर्थिक घोटाळे शोधणाऱ्या पत्रकाराचं करिअर असतं तरी कसं?

ताळेबंद_वाचक

मंडळी, धागा काढायचं निमित्त घरचंच आहे. भाची सीए झाली, मार्कही बरे पडले, आणि आता म्हणते मावशी मला ऑडिट फर्ममधे जायचं नाही, मला आर्थिक शोधपत्रकारिता करायचीय. घरात दोन तट पडलेत, तिचे बाबा म्हणतात एवढा अभ्यास करून शेवटी पेपरात बातम्या लिहिणार का, आणि मी मधे अडकलेय कारण मला मनातून आवडलंय पण या व्यवसायाबद्दल ठोस काही माहिती नाही.

मला नाव एकच माहीत, सुचेता दलाल. बेळगावात वाढलेल्या, धारवाडला संख्याशास्त्रात बीएस्सी, मग मुंबईत कायदा, एलएलएम पर्यंत. १९८४ ला एका गुंतवणूकविषयक मासिकातून सुरुवात, मग बिझनेस स्टँडर्ड, इकॉनॉमिक टाइम्स, आणि टाइम्स ऑफ इंडियात असताना २३ एप्रिल १९९२ ची ती स्टेट बँकेच्या रोख्यांची बातमी. बातमीत शेअर दलाल हर्षद मेहताचा 'बिग बुल' असा उल्लेख होता, आणि त्याच्या आदल्याच दिवशी सेन्सेक्स ४४६७ च्या शिखरावर बंद झाला होता. २००६ ला पद्मश्री. हे सगळं ठीक, पण हे म्हणजे शिखर झालं ना. बातमीच्या आधीची आठ वर्षं या बाई रोज ऑफिसात जाऊन काय करत होत्या? आणि एक मोठी बातमी झाल्यावर माणूस पुढे काय करतो? पोटापाण्याचं काय? कोर्टकचेऱ्या? माहितगारांनी लिहा प्लीज, थोडंथोडकं असलं तरी चालेल.

---

उंटावरचा_शहाणा

'स्कॅम १९९२' ही वेबसिरीज बघून किती पोरं शेअर ब्रोकर व्हायला निघाली आणि किती पत्रकार व्हायला, याचा कुणीतरी सर्व्हे करा रे. माझा अंदाज ९९ विरुद्ध १, आणि ती १ म्हणजे तुमची भाची :)

---

कडीपत्ता

वाचतेय. चांगला विषय.

---

जुना_डेस्कवाला

मी बरीच वर्षं बिझनेस डेस्कवर काढली, म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करायच्या, आकडे तपासायचे, मथळे द्यायचे. स्वतः शोधपत्रकार नव्हे, पण अशी माणसं जवळून बघितली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल, सहन करा.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ती आठ वर्षं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी फोन केला, पाकीट दिलं आणि बातमी झाली. पण समजा १९९२ मधे तोच माणूस क्राईम बीटच्या पत्रकाराकडे गेला असता आणि म्हणाला असता की स्टेट बँकेच्या पुस्तकात पाचशे कोटींच्या रोख्यांचा ताळमेळ लागत नाहीये, तर त्या पत्रकाराने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. मनी मार्केटमधे एसजीएल (रिझर्व्ह बँकेतलं सरकारी रोख्यांचं खातं) म्हणजे काय, बीआर म्हणजे काय, ब्रोकरच्या खात्यात बँकेचा चेक जमा होणं यात गैर काय, हे आधी माहीत असल्याशिवाय ती माहिती ही माहितीच वाटत नाही. सगळं दलाल स्ट्रीट बघत होतं की एसीसीचा शेअर दोनशेवरून नऊ हजारांच्या घरात गेला, सगळे विचारत होते 'अजून कुठवर जाणार'. पैसा येतो कुठून हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते.

दुसरी गोष्ट, या क्षेत्रात नाव काढलेली माणसं बघा, बहुतेक जण पत्रकारितेच्या कोर्समधून आलेलेच नाहीत. दलाल संख्याशास्त्र आणि कायदा. १९८६ मधे इंडियन एक्सप्रेसमधे रिलायन्सवर लेखमाला लिहिणारे एस. गुरुमूर्ती चार्टर्ड अकाउंटंट, त्यांना मार्च १९८७ मधे अटकही झाली होती. १९८१ मधे अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण काढणारे अरुण शौरी अर्थशास्त्रात पीएचडी, वर्ल्ड बँकेत नोकरी केलेले. अमेरिकेच्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीवर लवकर जाहीर प्रश्न विचारणारी फॉर्च्युन मासिकाची बेथनी मॅक्लीन आधी गोल्डमन सॅक्समधे ॲनालिस्ट. जर्मनीच्या वायरकार्डचं बिंग फोडणारा फायनान्शियल टाइम्सचा डॅन मॅकक्रम आधी सिटीग्रुपमधे. तेव्हा भाचीच्या बाबांना सांगा, सीए वाया जात नाही, उलट तेच भांडवल आहे. लिहायला शिकवता येतं हो, ताळेबंद वाचायला शिकवणारा न्यूजरूममधे सहसा कुणी नसतो.

आणि रोज काय करतात? वाचतात. कंटाळवाणं वाचतात. वार्षिक अहवालाची पुढची गुळगुळीत पानं सोडून मागच्या बारीक टायपातल्या टिपा. कंपनीने कुणाकुणाशी व्यवहार केला आणि त्यातले नातेवाईक किती, ऑडिटर मधेच का सोडून गेला, नफा वाढतोय पण रोकड का येत नाही, कुठली मालमत्ता कुणाकडे गहाण आहे. कंपनी खात्याच्या साईटवर नाममात्र फी भरून ही कागदपत्रं कुणालाही बघता येतात. बघत कुणी नाही. असं दहा कंपन्यांचं वाचलं तर नऊ ठिकाणी काही निघत नाही, आणि त्या नऊचा हिशोब संपादकाला देताना तोंड चुकवायला लागतं.

---

कडीपत्ता

डेस्कवाले काका, ते बीआर आणि रेडी फॉरवर्ड एकदा माणसाच्या भाषेत सांगाल का? दरवेळी वाचते आणि दरवेळी डोक्यावरून जातं.

---

जुना_डेस्कवाला

@कडीपत्ता, प्रयत्न करतो. बँकांना ठेवींचा ठरावीक भाग सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो, त्या काळी हे प्रमाण ३८.५ टक्क्यांपर्यंत गेलेलं. आता एका बँकेकडे या आठवड्यात रोखे जास्त आणि रोकड कमी, दुसरीकडे उलटं. मग पहिलीने दुसरीला रोखे विकायचे आणि पंधरा दिवसांनी ठरलेल्या भावाने परत घ्यायचे. हे रेडी फॉरवर्ड. खरं म्हणजे ते तारण ठेवून घेतलेलं कर्जच, फक्त खरेदी-विक्रीच्या कपड्यात.

रोखे कुणाच्या नावावर याची नोंद रिझर्व्ह बँकेत हाताने लिहिलेल्या वह्यांत व्हायची, तिला वेळ लागायचा. म्हणून तोवर विकणाऱ्या बँकेने पावती द्यायची की पैसे मिळाले, रोखे देणं लागतो. ही पावती म्हणजे बीआर, बँक रिसीट. आता यात दोन भोकं. एक म्हणजे दोन बँकांच्या मधे ब्रोकर, आणि बँकेच्या नावाचा चेक सरळ ब्रोकरच्या खात्यात जमा करायची 'प्रथा'. दुसरं म्हणजे पावतीमागे खरंच रोखे आहेत का हे कुणी तपासत नव्हतं. मग बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी हातात रोखे नसताना पावत्या फाडून दिल्या, त्या पावत्यांवर मोठ्या बँकांनी पैसे सोडले आणि ते पैसे गेले शेअर बाजारात. भाव चढताहेत तोवर जुनं देणं नव्या पैशातून फिटत राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने नंतर भोक मोजलं ते चार हजार कोटींच्या वर निघालं, १९९२ चे चार हजार कोटी हां.

---

निमशहरी

बँक ऑफ कराडचं नाव निघालं म्हणून लिहितो. या प्रकरणावर बोलताना सगळे मुंबईचं बोलतात, लेक्सस गाडी नि बंगला नि पंतप्रधानांना दिलेली कथित सुटकेस. पण त्या बँकेत ठेवी कुणाच्या होत्या? दक्षिण महाराष्ट्रातल्या साध्या माणसांच्या. ज्यांनी जन्मात शेअर घेतला नाही त्यांची बँक दिवाळखोरीत गेली. हे लिहिणारं तेव्हा कोण होतं?

---

कायदेकानू

कोर्टकचेरीबद्दल विचारलंय ते मी घेतो, माझा प्रांत आहे.

आपल्याकडे अब्रुनुकसानी दिवाणीही आहे आणि फौजदारीही. आधी भादंवि ४९९-५००, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. २०१६ मधे सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बाजू घटनात्मक ठरवून कायम ठेवली. मोठ्या कंपन्या मात्र बहुतेकदा दिवाणी दाव्याचं हत्यार काढतात, शंभर कोटी, पाचशे कोटी असला आकडा टाकून. हा आकडा मिळवण्यासाठी नसतोच, तो समोरच्याच्या मालकाला घाबरवण्यासाठी असतो. खटला जिंकला हरला हा फार पुढचा प्रश्न, पाच वर्षं तारखांना वकील उभा करायचा कुणी?

दलालांच्याच करिअरमधलं उदाहरण आहे आणि ते १९९२ इतकंच महत्त्वाचं आहे असं माझं मत. जानेवारी २०१५ मधे एका निनावी जागल्याने शेअर बाजाराच्या नियामकाला, सेबीला, पत्र लिहिलं, प्रत दलालांना. राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, काही ब्रोकरांना सर्व्हरची माहिती इतरांच्या आधी मिळते असा आरोप. दलाल आणि देबाशिष बसू यांच्या मनीलाइफने ते छापलं जूनमधे. मधल्या काळात जाणकारांकडून तपासून घेतलं, एनएसईच्या वरिष्ठांना विचारणा केली, उत्तर आलं नाही. लेख आल्यावर एनएसईने मुंबई उच्च न्यायालयात १०० कोटींचा दावा ठोकला. सप्टेंबर २०१५ मधे न्या. गौतम पटेल यांनी लेख थांबवायला नकार दिला आणि उलट एनएसईलाच ५० लाखांचा भुर्दंड बसवला, त्यातले दीड-दीड लाख दलाल आणि देबाशिष बसू यांना, बाकी ४७ लाख हॉस्पिटलांना. छापण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारलं होतं आणि ते गप्प बसले, हा मुद्दा त्यात फार कामाला आला.

म्हणून भाचीला सांगा, प्रश्नावली पाठवल्याचा ईमेल, मेसेज, सगळं जपून ठेवायचं. बातमीतली प्रत्येक ओळ कुठल्या कागदावर उभी आहे ते समासात लिहून ठेवायचं. वकिलाला बातमी वाचायला देणं यात कमीपणा नाही.

---

उंटावरचा_शहाणा

आणि त्या एनएसईचं शेवटी काय झालं तेही सांगा की. २०१९ ला सेबीने ६२५ कोटी व्याजासकट भरा म्हणून आदेश काढला, २०२३ ला अपिलात तो वसुलीचा भाग रद्द होऊन १०० कोटींवर आला, आणि सप्टेंबर २०२४ मधे सेबीनेच संगनमताला पुरेसा पुरावा नाही म्हणून प्रकरण निकाली काढलं. म्हणजे नऊ वर्षं धुरळा आणि हाती काय?

मला दुसरीही एक शंका आहे, आणि ती चेष्टेत नाही. हे सगळे घोटाळे मुळात पत्रकाराने 'शोधले' असं म्हणता येतं का? १९९२ ला बँकेच्या आतून माहिती आली. एनएसईत निनावी पत्र आलं. एन्रॉनबद्दल मॅक्लीनला आधी सुचवलं ते जिम चॅनोस या शॉर्ट सेलरने, ज्याचा शेअर पडण्यात थेट फायदा होता. म्हणजे पत्रकार हा पोस्टमन, पत्र लिहिणारा वेगळाच, आणि त्याचा त्यात काहीतरी स्वार्थ. मग कौतुक पोस्टमनचं का?

---

जुना_डेस्कवाला

@उंटावरचा, प्रश्न रास्त आहे. अर्धा मान्य. स्वार्थ नसलेला सोर्स मी तरी पाहिला नाही. कुणाला बढती नाकारलेली असते, कुणाला भागीदाराने फसवलेलं असतं, कुणाचे पैसे शेअर पडण्यावर लागलेले असतात. पण स्वार्थी माणूस खरंही बोलू शकतो. माहिती देणाऱ्याचं मन स्वच्छ आहे का हे बघत बसलं तर एकही बातमी होणार नाही, कागद खरा आहे का एवढं बघायचं, आणि तो ज्याबद्दल बोलत नाहीये ते काय आहे हेही बघायचं.

एन्रॉनचंच घ्या. चॅनोसने काय सांगितलं, की जरा यांचे हिशोब वाच. ते हिशोब अमेरिकेत सगळ्यांसाठी खुले होते. मॅक्लीनने वाचले आणि कंपनीला एक साधा प्रश्न विचारला, तुम्ही नेमके पैसे कमावता कसे? त्यावर सीईओ स्किलिंग भडकला, तिला अनैतिक म्हणाला, फोन संपवला. मग सीएफओ फॅस्टोसकट तिघे जण थेट न्यूयॉर्कला तिच्या ऑफिसात येऊन बसले, चेअरमन केनेथ ले ने तिच्या संपादकाला फोन केला. लेख आला मार्च २००१ ला, मथळ्यातच विचारलं होतं की शेअर महाग आहे का. बस. चोर वगैरे काही म्हटलं नाही कारण तेवढा पुरावा हातात नव्हता, हे संयमाचं उदाहरण म्हणून मी नवीन मुलांना सांगत असे. डिसेंबर २००१ मधे एन्रॉन दिवाळखोरीत. पोस्टमन म्हणताय, पण तेच पत्र वॉल स्ट्रीटवरच्या डझनभर ॲनालिस्टांच्या टेबलावर पडलेलं होतं आणि ते 'शेअर घ्या' म्हणून सांगत होते.

---

पहिला_बाक

एन्रॉन म्हटल्यावर तिचा दाभोळचा वीजप्रकल्प आठवणारच. आणि इथे एक भर घालायचीय, पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या लोकांनी नव्वदीच्या दशकातच दाभोळच्या वीजखरेदी कराराचं गणित मांडून दाखवलं होतं की ही वीज वीज मंडळाला झेपणारी नाही. ते पत्रकार नव्हते, इंजिनिअर वगैरे मंडळी. करार उघड नव्हता, तरी जे हाती लागलं त्यावर आकडेमोड केली. २००१ मधे प्रकल्प बंद पडला तेव्हा सगळ्यांना साक्षात्कार झाला. मला वाटतं आर्थिक शोधपत्रकाराच्या फोनमधे असे चार-पाच चिकट लोक असायलाच हवेत, नुसते मंत्रालयातले आणि बँकेतले सोर्स असून भागत नाही.

---

ताळेबंद_वाचक

किती छान लिहिताय सगळे! वायरकार्डबद्दल कुणी सविस्तर सांगेल का? भाची सारखी त्याचंच नाव घेते.

---

जुना_डेस्कवाला

वायरकार्ड सांगतो, कारण या व्यवसायात एकटं पडणं काय असतं ते त्यात दिसतं.

वायरकार्ड ही म्युनिकजवळची पेमेंट कंपनी, जर्मनीची लाडकी, पुढे तिथल्या मुख्य निर्देशांकात गेली. मॅकक्रमने २०१५ पासून लिहायला सुरुवात केली की यांचे हिशोब जुळत नाहीत. कुणी फार लक्ष दिलं नाही. मग सिंगापूर ऑफिसातला पव गिल नावाचा कंपनीचाच वकील, त्याच्याकडे आतली कागदपत्रं, पण तो कचरत होता. शेवटी त्याच्या आईने पत्रकारांशी संपर्क साधला. आईने! त्यातून जानेवारी २०१९ मधे मॅकक्रम आणि स्टेफानिया पाल्मा यांच्या बातम्या आल्या. आता जर्मन नियामकाने, बाफिनने, काय करावं? कंपनीची चौकशी? छे. फेब्रुवारीत वायरकार्डच्या शेअरच्या शॉर्ट सेलिंगवर दोन महिने बंदी घातली आणि एप्रिलमधे पत्रकारांवरच बाजारात लबाडी केल्याची फौजदारी तक्रार केली. आरोप असा की हे लोक शॉर्ट सेलरांना आधी बातमी देतात. पेपरला स्वतःच्याच पत्रकारांची बाहेरच्या वकिलांकडून तपासणी करून घ्यावी लागली, ते त्यातून स्वच्छ बाहेर आले. जून २०२० मधे कंपनीने कबूल केलं की ताळेबंदातले १९० कोटी युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत. आठवड्याभरात दिवाळखोरी, सीईओ ब्राऊनला अटक, दुसरा मोठा अधिकारी मार्सालेक पळाला. पत्रकारांवरची चौकशी सरकारी वकिलांनी सप्टेंबरमधे बंद केली.

२०१५ ते २०२०. पाच वर्षं एका कंपनीवर. त्या काळात इतर लोकांनी किती बायलाईन मिळवल्या असतील! संपादक आणि मालक मागे उभे राहिले म्हणून निभावलं. माझ्या ओळखीच्या एका गुणी पोराची अशीच चांगली बातमी, जाहिरात विभागातून फोन आल्यावर 'थोडी थांबवूया' झाली आणि ती अजून थांबलेलीच आहे. पोरगा आता एका कंपनीच्या जनसंपर्क खात्यात आहे, दुप्पट पगारावर.

---

कायदेकानू

जाहिरातीवरून आठवलं, आपल्याकडे तर एक पाऊल पुढे गेलेले आहेत. माध्यमसमूहांनी कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि बदल्यात जाहिराती द्यायच्या, 'प्रायव्हेट ट्रीटी' म्हणतात त्याला. म्हणजे ज्या कंपनीबद्दल बातमी लिहायची तिचे आपण भागधारक. २०१० मधे सेबीने प्रेस कौन्सिलशी बोलून असे हितसंबंध वाचकांना सांगणं बंधनकारक करायला लावलं. किती पाळलं जातं ते तुम्हीच बघा.

---

हिशोबी_मावशी

पगाराबद्दल कुणीच नीट लिहीत नाहीये. माझी पुतणी बिझनेस वेबसाईटवर आहे. पहिल्या वर्षाला तिच्या सीए मैत्रिणींपेक्षा पुष्कळ कमी, आणि कामाच्या वेळा कशाही. शोधपत्रकारिता म्हणून वेगळी पोस्ट नवीन माणसाला कुणी देत नाही, आधी तिमाही निकाल, कंपन्यांची प्रेसनोट, म्युच्युअल फंडाच्या बातम्या, हे दळण दळायचं आणि वेळ चोरून आपलं वाचायचं. आता काही ठिकाणी वर्गणीवर चालणाऱ्या साईट्स आहेत, तिथे मोठ्या लेखाला वेळ देतात, पण जागा मोजक्या. घरून थोडा आधार असेल किंवा कर्ज डोक्यावर नसेल तर पहिली पाच वर्षं निघतात. हे तोंडावर सांगावं मुलीला, आदर्शवाद नंतर.

---

पहिला_बाक

+१. आणि याला जोडून दुसरा सापळा. पगार कमी, पण हातात उद्या छापून येणारी बातमी आज. वॉल स्ट्रीट जर्नलचा फॉस्टर विनन्स, शेअरवरचं लोकप्रिय सदर लिहायचा, त्याने १९८३-८४ मधे सदरात काय येणार ते एका ब्रोकरला आधी सांगायला सुरुवात केली. शिक्षा झाली, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८७ मधे तिथेही दोष कायम राहिला. आपल्याकडेही सेबीने टीव्हीवर सल्ले देणाऱ्यांवर कारवाया केल्यात. ज्या बीटवर लिहिता त्यातले शेअर घेऊच नयेत, घरच्यांच्या नावानेही नाही. ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

---

उंटावरचा_शहाणा

बरं बाबांनो, पोस्टमन मागे घेतो. पण मग सत्यम कॉम्प्युटर्सचं प्रकरण कसं सुटलं सगळ्यांच्या हातून? तिथे तर कंपनीचा अध्यक्ष रामलिंग राजूने ७ जानेवारी २००९ ला स्वतःच पत्र लिहून सांगितलं तेव्हा कळलं. एवढे ताळेबंद वाचणारे काय करत होते?

---

जुना_डेस्कवाला

अगदी वर्मावर. सुटलं, आणि सगळ्यांच्याच हातून सुटलं, त्याला सबब नाही. राजूच्या पत्रात ५०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक नसलेली, आणि वर ३७६ कोटींचं न मिळालेलं व्याज. ऑडिटर मोठ्या नावाचा, संचालक मंडळावर दिग्गज, पुरस्कारांची रांग. बँकेत पैसे आहेत म्हटल्यावर पुढे कुणी विचारत नाही, कारण ताळेबंदातली सगळ्यात निर्धोक ओळ तीच ना. वायरकार्डमधेही शेवटी तीच ओळ खोटी निघाली, अकरा वर्षांनी, दुसऱ्या खंडात. म्हणून माझं म्हणणं, भाचीने शिकलेल्या ऑडिटमधली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट, बँकेकडून स्वतंत्रपणे शिल्लक खातरजमा करून घेणं, तीच पत्रकार म्हणून तिच्या सगळ्यात कामाची.

आणि तुमच्या 'हाती काय' वाल्या प्रश्नाबद्दल. शिक्षा होणं न होणं पत्रकाराच्या हातात नसतं, ते त्याने स्वतःच्या कामाचं माप धरलं तर चार वर्षांत कडवट होतो. १९९२ नंतर रोख्यांचे व्यवहार आणि त्यांच्या नोंदी हळूहळू संगणकावर आल्या, शेअर डीमॅट झाले, सेबीला कायद्याने आणखी अधिकार मिळाले, आणि विशेष न्यायालयातले खटले मात्र मेहता २००१ च्या अखेरीस कोठडीत वारला तरी चालूच राहिले. दोन्ही खरं आहे.

दलालांनी नंतर काय केलं असंही मूळ धाग्यात विचारलंय. १९९३ ला बसूंबरोबर या घोटाळ्यावर पुस्तक, १९९८ पर्यंत टाइम्समधे, मग एक्सप्रेस समूहात बरीच वर्षं स्तंभ, २००६ पासून मनीलाइफ, २०१० ला गुंतवणूकदारांसाठी फाउंडेशन. बँकेने चुकीचं गळ्यात मारलेला विमा, अडकलेल्या ठेवी, असलं बिनग्लॅमरचं काम. त्यातूनच लोक विश्वासाने कागद आणून देतात. २०१५ चं ते पत्र कुणाला प्रत म्हणून पाठवायचं हे त्या निनावी माणसाने उगाच नाही ठरवलं.

---

निमशहरी

मगाचा माझा प्रश्न तसाच राहिला, कोण लिहिणार होतं. पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मधे निर्बंध आले तेव्हा कळलं की एका बिल्डर समूहाची कर्जं लपवायला २१ हजारांवर खोटी खाती दाखवली होती, आणि बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त त्या एकाच समूहाला. ठेव विमा तेव्हा एक लाख, तो पाच लाख झाला फेब्रुवारी २०२० मधे. ही मुंबईतली बँक होती म्हणून टीव्हीवर आली. तालुक्यातल्या पतसंस्थेचं काय? तिथला वार्ताहर जाहिरातीच्या कमिशनवर जगतो, आणि दिवाळी अंकाची पानभर जाहिरात त्याच पतसंस्थेची असते. चेअरमन त्याच्या भावकीतला. तो लिहिणार? सीए झालेल्या मुलीने मुंबईतच कशाला राहायला हवं, आमच्याकडे एकेका तालुक्यात आयुष्यभर पुरेल एवढं पडलंय.

---

हिशोबी_मावशी

निमशहरी, बोललात ते खरं, पण तालुक्यात एकट्या मुलीने हे करायचं म्हणजे सोपं नाही हो. माल्टात २०१७ मधे डाफ्ने कारुआना गॅलिझिया या पत्रकार बाईंना गाडीत बॉम्ब ठेवून मारलं. छोटी जागा, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यापेक्षा पनामा पेपर्ससारखं, चारशेच्या आसपास पत्रकार, ऐंशीएक देश, परदेशातल्या छुप्या कंपन्यांची फुटलेली एक कोटी पंधरा लाख कागदपत्रं वाटून घेतलेली आणि २०१६ मधे सगळ्यांनी एकाच दिवशी छापलं. एकाला गप्प करून काही उपयोगच नाही.

---

जुना_डेस्कवाला

मावशींशी सहमत. तालुक्याचं काम करावं, पण बातमी दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी यावी अशी सोय आधी लावून. आणि कागद कधीही एकाच घरात ठेवू नये.

रिझर्व्ह बँकेचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतात, २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिलाय. बँका अजूनही अडवतात, ते निराळं. पतसंस्थांसाठी ते लागू नाही, तिथे सहकार खात्याचं ऑडिट आणि वार्षिक अहवाल.

---

कडीपत्ता

हे वाचून आमच्या पतसंस्थेचा अहवाल काढला बाहेर. दरवर्षी सभासद म्हणून घरी येतो आणि रद्दीत जातो. ऑडिट वर्ग 'अ', लाभांश चांगला, फोटोच फोटो. ठेवी वाढल्यात, कर्जंही वाढलीत, पण जमा झालेलं व्याज गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसतंय. 'येणे व्याज' मात्र बरंच फुगलंय. यात काही आहे का की मी उगाच?

---

जुना_डेस्कवाला

उगाच नाही. कर्ज वाढलं आणि हातात पडलेलं व्याज घटलं तर एक तर लोक भरत नाहीयेत, किंवा जुन्या थकबाकीवर नवीन कर्ज देऊन खातं नियमित दाखवलंय, किंवा दर कमी केलेत. तिसरी शक्यता आधी तपासा, घाई नको. मग 'संचालक व त्यांचे नातेवाईक यांना दिलेली कर्जे' हा तक्ता बघा, गेल्या तीन वर्षांचा. जुने अहवाल आहेत का घरी?

---

कडीपत्ता

दोन वर्षांचे सापडले, आजेसासऱ्यांनी ठेवलेत. तिसरा शेजारी मागते. तक्ता गेल्या वर्षी होता, यंदा मला तरी दिसत नाहीये.

---

कायदेकानू

सभेची तारीख कधीची आहे? प्रश्न लेखी द्यावे लागतात, मुदत अहवालाच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या पानावर सूचनेत असेल. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या.